डावा खिसा

माहीमच्या कोळीवाड्यात, बर्फाच्या गोदामाला लागून
दिगंबर तांडेलांचं दुकान होतं.
दुकान कसलं, एक फळी, एक सोल्डरिंगची काडी
आणि भिंतीभर पोटं उघडी टाकून पडलेले अ‍ॅम्प्लिफायर.
खारा वारा आधी तांब्याला खातो, ते म्हणायचे,
मग लोखंडाला, मग माणसाला.
स्पीकरच्या वायरींची टोकं दर महिन्याला नव्याने सोलायचे,
हिरवी पडलेली छाटायचे, उरलेले केस नीट पिळून घ्यायचे :
एक जरी सुटा राहिला, शेजारच्याला भिडला,
की अख्ख्या घरात भांडण.

मी नऊ वर्षांची. शाळा सुटली की तिथेच.
पहिल्या दिवशी मला त्यांनी काहीच शिकवलं नाही.
आईला बोलावून घेतलं.
"यमुनाबाय, पोरीच्या फ्रॉकला खिसा लावा एक.
डाव्या बाजूला. हात मनगटापर्यंत जाईल एवढा."
आई हसली, "कशाला, चिंचा ठेवायला?"
"डावा हात ठेवायला."

वीज एका हाताने शिरते, दुसऱ्याने निघते.
वाटेत काय लागतं, तूच सांग.
मी छातीवर हात ठेवला.
"शहाणी. आता तो खिशात घाल."

बाकीचं मग येत गेलं,
सासरच्या रीती कळत जाव्यात तसं.
चालू करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी, बंद करताना सगळ्यांत आधी,
नाहीतर स्पीकरच्या छातीत धाडकन गुद्दा बसतो.
आवाजाचं बटण शून्यावर पाहिल्याशिवाय स्विचला बोट नाही.
जाडी पिन तोडून प्लग दोन भोकांत कोंबणाऱ्या गिऱ्हाइकाला
ते चहा विचारायचे नाहीत.
वर फुलदाणी नको, क्रोशाचा रुमाल तर नकोच.
त्यालाही घाम येतो ना, म्हणायचे,
तुला कोणी उन्हात गोधडी घातली तर?

आणि प्लग काढला म्हणजे संपलं असं नाही.
हे सांगितलं नाही, दाखवलं.
वाल्वचा जुना सेट, भिंतीपासून तोडलेला, हाताला गार.
त्याच्या कपॅसिटरला त्यांनी बल्बची दोन टोकं टेकवली
आणि बल्ब लागला.
कुठूनही न आलेल्या विजेवर
क्षणभर सगळं दुकान पिवळं झालं,
गोदामाची ओली भिंतसुद्धा.
मग विझला.
"आता मीटर लाव. काटा झोपला की मगच हात."

त्यांचा स्वतःचा उजवा कान गेलेला होता.
वीस वर्षं वरातींत, खोक्यांच्या भिंतीला खेटून उभं राहण्यात.
मी हेडफोन लावून बसले की
हातभर अंतरावर यायचे आणि माझं नाव घ्यायचे,
साध्या आवाजात, मीठ मागावं तसं.
ऐकू आलं नाही तर बटण खाली.
कधी कधी मी न ऐकताच मान हलवायची.
त्यांना कळायचं.

काल त्यांचा सेट घरी आणला.
सून म्हणाली, चौदा महिने कोणी लावलेला नाही, तुम्हीच न्या.
रिक्षात मांडीवर घेतला, गतिरोधक आला की धरून ठेवला.
झाकणाचे चार स्क्रू. आत जाळी, एक मेलेलं झुरळ,
एका ट्रान्सफॉर्मरवर त्यांच्या अक्षरात तारीख.
बल्ब लावला. लागला नाही.
लागणार नव्हताच, एवढ्या दिवसांनी काय उरतंय.
तरी मीटर लावला,
काटा हलला नव्हता तरी झोपेपर्यंत थांबले.

मग लक्षात आलं, डावा हात
मघापासून कमरेशी चाचपडतोय.
कुर्त्याला खिसा नाही.
ओढणी गुंडाळून तो पाठीशी धरला
आणि उजव्याने काम केलं, लंगडं, हळू.

आज शिंप्याकडे तीन कुर्ते टाकले.
मोबाइल मावेल एवढा ना, त्याने विचारलं.
म्हटलं, मनगटापर्यंत.