पाच अंश, पंचावन्न अंश

रात्री साडेअकराला वॉचमन गांगुर्डे दार ढकलून विचारतात,
मॅडम, अजून दात शिजायचेत का?
शिजत नाहीत हो, बुडतायत.
तीस सेकंद पाच अंशात, तीस सेकंद पंचावन्नात,
मधे टोपली हवेत थबकते, ठिबकते,
मग पुन्हा.
दहा हजार फेऱ्या म्हणजे तोंडातलं एक वर्ष,
असं धरून चालतात.
कुणाचं तोंड, ते लिहिलेलं नसतं.
मी मनात धरलंय नाशिकचं:
सकाळी मिसळीची कढत तर्री
आणि लगेच वर बर्फ घातलेला उसाचा रस.

चाळीस उपदाढा आहेत माझ्याकडे,
तारा बसवायच्या म्हणून काढलेल्या,
चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या. एकही किडलेली नाही.
थायमॉलच्या पाण्यात ठेवतो आम्ही.
झाकण उघडलं की ओव्याचा वास येतो,
पोट दुखल्यावर आई चिमूटभर हातावर द्यायची त्याचा,
आणि क्षणभर कळत नाही
भूक लागली की मळमळतंय.

वीस दातांना जुना मसाला, वीसांना नवा.
नव्यात काचेची भुकटी आहे,
ती हळूहळू कॅल्शियम सोडते,
दाताचं गेलेलं दाताला परत देते म्हणे.
म्हणे, कारण तेच तर बघायचंय.
प्रबंधात 'म्हणे' लिहिता येत नाही.

मंगळवारी ओपीडीत, खुर्ची नंबर सात,
हिरामण तांबट, वय एकाहत्तर,
खालची डावी पहिली दाढ, चांदी भरलेली.
अठ्ठ्याऐंशी साली, भद्रकालीतल्या डॉक्टरकडं, पंचवीस रुपयांत.
मुलगा शेजारी उभा, हातात मोबाइल.
चांदीत पारा असतो, काढून टाका, पांढरं भरा.
मी आरसा आत घातला, सळईनं कड चाचपली,
वरून दोनदा टकटक केलं.
काळवंडलेली, कडेला जराशी खरखरीत. पण कुठं फट नाही.

तोंड मोकळं झाल्यावर म्हातारा म्हणाला,
आवाज कसाय?
कसला आवाज?
आत्ता ठोकलंत की. फुटकं भांडं आवाजात कळतं.
दुखतं का ते बघत होते, मी म्हटलं.
त्याला माझी कीव आल्यासारखं वाटलं.
मग मुलाकडं वळून,
धरलेली कल्हई कुणी खरवडतं का रे?
जाईल तेव्हा जाईल, तेव्हा लावू.

मी केसपेपरवर लिहिलं: भरण शाबूत. सहा महिन्यांनी पाहणे.
मुलानं तो कागद असा घडी केला
जसं हॉटेलात बिल चुकलंय
पण भांडायला वेळ नाही.

त्या रात्री मी उगाच हिशोब मांडला.
छत्तीस वर्षं गुणिले दहा हजार.
माझं यंत्र रात्रंदिवस चाललं तरी नऊ-दहा महिने लागतील,
आणि शनिवारी तर इथे वीज जाते.
त्यांनी ते केलं चहा पीत,
भाकरीचा पापुद्रा त्या बाजूनं मोडत,
तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडताना दात आवळत.
नोंद कुणी ठेवली नाही.

शुक्रवारी तोडायचं काम.
सळई खाली येते, पडद्यावर रेघ चढत जाते,
कड्, आणि रेघ सरळ खाली.
तेवीस नंबरला नवा मसाला होता.
मी भिंगाखाली धरला तर जोड जशीच्या तशी,
दातच फुटला होता, मुळाकडून, आडवा.
अष्टेकर सर खूश झाले. बघ, जोड दातापेक्षा भक्कम.
खरंच चांगला निकाल आहे.
मी तक्त्यात आकडा भरला,
आणि ती कपची, तांदळाच्या कणीएवढी,
बराच वेळ बोटाला चिकटून राहिली.

आता चोवीस.
साच्यात बसवण्याआधी
मी तिच्यावर नखानं दोनदा टकटक करते.
गांगुर्डे दारातून बघतात.
आवाज येतो.
कसा आहे, ते मला सांगता येत नाही.