दुसऱ्या चालीतलं प्यादं

लिएपायात गुरुवारी संध्याकाळी
धुरी दिलेल्या माशांच्या दुकानावरच्या मजल्यावर
अकरा पट मांडले जातात.
समुद्राकडच्या खिडकीच्या फटीत आम्ही वर्तमानपत्र कोंबतो,
तरी लाकडी घोड्यांच्या आयाळी खारट होतातच.

समोर क्लाव्स. वय चौदा.
पेन सरळ, बाटली सरळ,
आईनं दिलेलं सफरचंद डाव्या हाताला,
जणू तेही एक मोहरं.

माझं राजापुढचं प्यादं दोन घरं. त्याचंही.
मग मी शेजारचं ढकललं, उंटापुढचं,
राजाच्या अगदी कुशीतलं,
जे हलवू नये असं पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
घे, म्हटलं. मनात. इथं बोलायला बंदी आहे.

त्याला हसू आलं. वाईट नव्हतं ते.
लग्नाला कुणी आजोबांचा कोट घालून यावं
तसं पाहिलं त्यानं माझ्याकडे.

यंत्रं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
माझ्याही फोनमध्ये आहे एक.
दुसऱ्याच चालीला ते पांढऱ्याच्या नावावर
अर्ध्या प्याद्याचं कर्ज लिहून ठेवतं
आणि पुढचं काही ऐकून घेत नाही.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी, एवढंच त्याचं म्हणणं,
दशांश चिन्हासकट.

झिग्रीदाकडे यंत्र नव्हतं.
पोलाद कारखान्यात ती क्रेन चालवायची,
कारखाना होता तोवर.
वरून सगळं पटासारखंच दिसतं, म्हणायची,
फक्त कोण कुणाच्या बाजूचं ते कळत नाही.
तिच्याकडे एक पुस्तक होतं, तीन हातांतून आलेलं,
आणि त्यातली नेमकी तीच पानं गळालेली
जिथं काळ्यानं काय करावं ते लिहिलं होतं.
त्यामुळे चाळीस वर्षं ती निर्धास्त खेळली.
समोरचेही तेच पुस्तक उसनं नेऊन वाचायचे.

माझा उंट बाहेर आला.
क्लाव्सनं वजिराचा शह दिला नाही.
पूर्वी सगळे द्यायचे; राजा एक घर सरकायचा,
किल्ला करायचा हक्क जायचा, आणि मग खरी मजा.
त्यानं घोडा काढला. पाठ.
पुढं एक प्यादं, पाठ. मधलं प्यादं, तेही पाठ.
बे एके बे.

मोठे खेळाडू आता असेच खेळतात म्हणे,
वीस चाली घरीच खेळून येतात
आणि एकविसाव्याला हात मिळवून जेवायला जातात.
मला गुरुवारी एवढ्या लवकर भूक लागत नाही.

सातव्या चालीला मी भलतंच काहीतरी केलं.
चांगलं नव्हे. फक्त भलतं.
त्याचा हात सफरचंदापाशी गेला आणि थांबला.

एक मिनिट. चार.
खाली दुकानाचं शटर पडलं.
नऊ.
आता तो पटाकडे पाहत होता;
इतका वेळ पाठांतराकडे पाहत होता.
हत्तीपुढची वाट अर्धी मोकळी,
त्याचा राजा मधोमध, माझाही उघड्यावर,
लपवावं असं कुणाकडेच काही उरलेलं नाही.
अकरा.
ही अकरा मिनिटं मी एका प्याद्याला विकत घेते.
बाहेर महाग पडतात.

मग तो सावरला. मुलं सावरतात.
वजीर गेले, घोडे गेले,
दोन राजे आणि थोडी प्यादी उरली,
माझ्याकडे एक कमी.
बावन्नाव्या चालीला त्याच्या प्याद्याचा फर्जी झाला.
मी मोजून पाहिलं.
कमी पडलं ते दुसऱ्या चालीतलंच.

सही केली. यंत्र बरोबर होतं,
पन्नास चाली उशिरा.

जिना उतरताना तो मागून आला,
सफरचंद अजून अख्खं.
सातव्या चालीला तुम्ही काय पाहिलं होतं?
काहीच नाही, म्हटलं.
तो पायरीवरच थबकला.
मग मी काय शोधत होतो?

मी खालचं दार उघडलं.
वारा एवढा होता
की ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.