दोन गाठींची सुतळी

कुताइसीच्या बाजारामागे आमचं दुकान.
त्सियाला आली ती पिशवीतून सुतळी काढतच.
पहिली गाठ म्हणजे ओट्याशेजारची जागा,
दुसरी, जिन्याचं वळण.
मी म्हटलं, मावशी, आकडे लिहिलेत सगळ्यांवर.
म्हणाली, आकडे तुझे. जिना माझा.

मी लिटर सांगितले, तारे सांगितले,
हप्ते सांगितले, बिनव्याजी, दहा.
ती दारं उघडून आत डोकावत राहिली,
स्थळ बघायला गेल्यावर
आधी मोरी बघतात तशी.
आलुबुखाराच्या चटणीच्या सात बाटल्या
उभ्या राहतील का, विचारलं.
आडव्या, मी म्हटलं.
तिनं दार लावलं.

मग एकेकाला कान लावू लागली.
"हा अगदी मुका," मी कौतुकानं सांगितलं,
"रात्री कळायचंही नाही घरात आहे म्हणून."
ती पुढे सरकली.

जुना बत्तीस वर्षं घुरघुरत होता म्हणे.
मध्येच थरथरून थांबायचा,
तेव्हा नोदार झोपेतच कूस बदलायचा,
म्हणायचा, वीज गेली वाटतं.
नोदारला जाऊन आता दोन हिवाळे.
फ्रीज मंगळवारी गेला.

कोपऱ्यात एक होता, पोचा पडलेला, उतरत्या किमतीचा,
विकायला लाज वाटावी इतका गुणगुणणारा.
तिनं सुतळी लावली. पहिल्या गाठीत बसला.
दुसरीत बोटभर जास्त.

ती बराच वेळ त्या बोटभराकडे बघत राहिली.
मग मला विचारलं,
"दार काढून नेता येतं ना याचं?"