पाना मऊ झाला

पाना मऊ झाला
तेव्हा मला वाटलं, सुटला.
बाराचा रिंग पाना, त्यात अडकवलेली हातभर पाईप,
ओमनीची सीट उचलून
मी छातीपर्यंत इंजिनात,
आणि दाताखाली फुटाणा फुटावा
एवढाच आवाज.
बोल्टचं डोकं हातात आलं. कोमट.
उरलेला आत.

मिरजेत मालगाव रोडच्या शेडमध्ये शनिवारची दुपार.
बाहेर स्टुलावर शालन ऐवळे.
सोमवारी सातला चौदा पोरं शाळेत सोडायची तिला,
पाच तारखेला हप्ता.
"झालं का रे?"
म्हटलं, "होतंय."

पंधरा मिनिटं कुणाला बोललो नाही.
पकडीनं धरायला गेलो, धरायला काही नव्हतं.
छिन्नी लावली, तर होती ती कडही उडाली.
आता बोट फिरवलं तरी कळेना
कुठं इंजिन संपतं
आणि कुठं माझी चूक सुरू होते.

बाबालाल शिकलगार नमाजाहून आले.
टोपी खिशात घातली, बॅटरी मारून बघितलं.
शिव्या दिल्या नाहीत. त्याचीच भीती वाटली.
"किती सालाची गाडी?"
"अठरा वर्षं झाली."
"तुझ्यापरास एकानं ल्हान.
अठरा वर्षं तापली, गार झाली, परत तापली.
येवढ्या दिसाचं धरल्यालं
तू पाईप लावून एका दमात मागतोस व्हय, दऱ्याप्पा?"

मग गॅसची ज्योत.
कड लाल झाल्यावर
लाईट गेल्यावर लावतो तसली मेणबत्ती टेकवली.
मेण गुपचूप आत ओढलं गेलं,
जिथं सकाळपासून डिझेल जात नव्हतं तिथं.
"आता च्या सांग."
चहा शालनताईलाही दिला.
तेव्हाच तिला खरं सांगितलं.
ती फुंकर मारत म्हणाली,
"'होतंय' म्हणालास, तवाच कळलं मला."

बॅटरीची वायर काढली.
तुटक्यावर वायसर, वायसरवर नट.
"डोळे फिरव."
भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर निळं निळं थरथरलं.
पहिला नट निघून आला, एकटाच.
दुसराही.
तिसऱ्याला मेस्त्रींनी घाई केली नाही,
लाल विझू दिला, काळा पडू दिला,
आणि पाना माझ्यापुढं धरला.
मी घेईना.

"घे. पाईप नको. दोन बोटं.
आदी आवळ."
आवळू?
"आवळ. जरासा. मग सोड.
पाव फुडं, पाव मागं.
रुसल्याल्या माणसाला दंडाला धरून वडत्यात व्हय?
आन कान दे.
तुटणारा गप असतोय.
सुटणारा वरडतोय."

पाव पुढं, पाव मागं.
काही नाही.
पाव पुढं.
काही नाही. मेस्त्री बिडी शोधत होते.
मग आतून कुठून तरी
किर्रर्र,
पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं.
बाहेर शालनताईनं कानावर हात ठेवले.
मेस्त्री पहिल्यांदा हसले.

तांबडी भुकटी सांडत
वळून वळून बाहेर आला,
बोटाच्या पेराएवढा.
मी आटे मोजले. अकरा.
नव्याला ग्राफाइट चोपडून
नुसत्या हातानं बसवला, शेवटचाच आवळा पान्यानं.
बिलात बोल्ट लिहिला, पस्तीस रुपये.
दुपार लिहिली नाही.

माझा थोरला भाऊ कुपवाडला लेथवर असतो.
दिवाळीपासून बोलत नाही.
म्हणजे मीच पाईप लावली होती तेव्हा,
चारचौघांत.
परवा फोन केला. ते काही काढलं नाही.
"जेवलास का?" एवढंच.
पलीकडं गप्प.
मशीनसुद्धा बंद असावं.
मी पाना धरल्यासारखा फोन धरून उभा.

मग एकदम ओरडला,
"तुला काय करायचंय रं?"

बरं वाटलं.