रातांब्याचा रंग

पीसी दोन हजार बाराचा. झाकण उघडलं
तर बोर्डाच्या कडेचं तांबं कळकलेलं,
पंख्याच्या पात्यांवर चिकट काळी साय,
आणि कोपऱ्यात एक पाल, वाळून कागद झालेली.
"बंदराकडे दुकान तुझां," बस्त्याव म्हणाला,
"हंयसर मशीनांचांय लोणचां जाता."

माझ्याकडे अठरा हजार होते.
चतुर्थीची पावतीपुस्तकं, दोन लग्नांच्या पत्रिका,
आणि एका उमेदवाराचा बॅनर,
ज्याचे पैसे त्यानं पडल्यावरसुद्धा आणून दिले.
तेवढ्यात काय घ्यायचं, प्रोसेसर की मॉनिटर?

नव्या प्रोसेसरला नवा बोर्ड लागतो,
नव्या बोर्डाला नवी रॅम,
रॅमच्या मागोमाग सप्लाय.
एकाला आवतण दिलं की अख्खं बिऱ्हाड जेवायला.
बस्त्यावनं टॉर्च मारून सॉकेट दाखवलं:
अकराशे पंचावन्न टोकं, केसाहून बारीक,
सगळी एकाच बाजूला कललेली,
समुद्राकडच्या सुरूंनी वाऱ्याला पाठ देऊन वाकावं तशी.
"एक मोडलां तरी सगळां गेलां.
हेच्यार तिसऱ्या पिढीचो बसात. फुडचो नाय."

म्हणून तिसऱ्या पिढीचा घेतला, वापरलेला, सोळाशेला,
कुडाळच्या कुठल्याशा पतपेढीतून निघालेला.
पाठीवरचा वाळका लेप बस्त्यावनं स्पिरिटनं पुसला,
मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा नवा ठेवला,
आणि नैवेद्य वाढल्यासारखा हात मागे घेतला.
किती जणांचं व्याज मोजलं असेल ह्यानं.
आता पत्रिकांवरचे माझे गणपती
डावीकडून मध्ये सरकवील.

मॉनिटर मात्र कोरा. चोवीस इंची.
स्वस्तातला बाजूनं बघितला की रंग बदलायचा,
टोपलीतल्या बांगड्याच्या पाठीसारखा.
माझं गिऱ्हाईक बाजूच्या स्टुलावरच बसतं;
त्याला एक हिरवा दिसणार, मला दुसरा,
आणि छापून आलेला तिसरा.
म्हणून आयपीएस. अकरा हजार दोनशे.
केबल जुळेना, ह्याचं तोंड निळं, त्याचं चपटं.
मध्ये एक दुभाष्या बसवला, तीनशे रुपयांचा.
उरलेल्यात एसएसडी आणि रॅमची एक पट्टी.

संध्याकाळी पहिली फाइल उघडली
मंदाकिनी तुळसकरांच्या कोकम सरबताची
आणि खुर्ची मागे सरकली.
हा रातांबा?
हा तर जत्रेतल्या प्लास्टिकच्या बांगडीचा रंग.
जुना पडदा वर्षागणिक पिवळा पडत गेला,
मी वर्षागणिक किरमिजी ओतत गेले,
दोन टक्के, तीन टक्के,
आणि कोल्हापूरच्या प्रेसमधल्या अत्तारचाचांना
दर हंगामात फोनवर सुनावत गेले:
तुमची शाईच भडक.
चाचा म्हणायचे, "बाळ, फाइलीत आहे तेच छापतो."

रात्री साडेअकरापर्यंत खरा रंग शोधत बसले.
बशीत एक रातांबा फोडून ठेवलेला,
माऊसला जांभळट बोटं लागलेली.

सकाळी मंदाकिनीताई आल्या. पदरानं चष्मा पुसला.
दोन्ही लेबलं शेजारी शेजारी बघितली, बराच वेळ.
"ह्यां खरां," म्हणाल्या, "पण लोक तांच वळखतत.
म्हापशाच्या दुकानात पोरगो बोट दाखवन मागता,
ती गुलाबी बाटली दी म्हणान.
तां तसांच ऱ्हवांदे."

राहू दिलं.
सहा वर्षं नकळत चुकत होते,
आता तीच चूक
टक्क्याच्या हिशेबानं, नीट बघून करते.

अत्तारचाचांना अजून फोन केलेला नाही.
फाइल चार सेकंदांत उघडते.
आधी ती उघडेपर्यंत मी स्टुलावरच्या माणसाला
विचारायचे, घरचे बरे आहेत ना.
आता विचारेपर्यंत
उघडलेली असते.