बुटासकट माप

रास्ता पेठेत, पंपाचे वॉशर विकतात त्या दुकानाच्या वर
पिंटोचा एक गाळा. जिना इतका अरुंद
की चढणारा वर पोचेपर्यंत उतरणाऱ्यानं थांबायचं.
भिंतीवर खिळ्यांना रबरी पाय टांगलेले,
काळे, पिवळे, एक जोडी गुलाबी.
मी गुलाबीवर हात ठेवला.

"ती अंदमानची," पिंटो म्हणाला. "पाणी किती डिग्री?"
चार. कदाचित तीन.
मुलगी नार्विकला असते, समुद्राखालची शेवाळाची जंगलं मोजते.
फोनवर म्हणाली, आई, एकदा खाली ये ना,
जसं शेजारीण म्हणते, एकदा चहाला ये.
एकोणसाठाव्या वर्षी शिकले मग, आमच्या पोहण्याच्या तलावात,
तळाला कुणाचं तरी जानवं पाहत.

पिंटोनं गुलाबी जोडी परत अडकवली.
"ताई, पायाचं माप विसरा."
एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे
पाच नंबरच्या चपलेत काढली मी,
ते माप विसरायचं!
"कोरडा सूट, आत लोकरीचे मोजे, वर विटेएवढा बूट.
फिन बुटाच्या मापाची घ्यायची.
घट्ट घेतलीत तर रक्त अडेल,
आणि रक्त अडलं की थंडीला दार उघडंच."

हलकी दाखवा, मी म्हटलं.
"हलकी नको. सुटातली हवा पायांकडे पळते.
पाय वर, डोकं खाली, वटवाघूळ होईल तुमचं.
जड घ्या. खाली धरून ठेवणारी."
पाय जड होतात म्हणून किती डॉक्टर केले आजवर.
इथे जडपणाचे वेगळे पैसे होते.

मधून चिरलेली एक होती, गुडघ्यांना बरी म्हणे.
"पण मागे सरकता येत नाही हिच्यात.
जागच्या जागी वळता येत नाही."
मी ती स्वतःच खाली ठेवली.

मग त्यानं सादिकला रसवंतीवर पाठवून
बादलीभर बर्फ आणवला.
माझ्या हातांत तीन बोटांचे जाड मोजे चढवले.
"दहा मिनिटं. मग पट्टा लावून दाखवा."
खालून रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी वॉशरचा भाव पाडून मागतंय,
आणि मी कोपरापर्यंत बर्फात,
एप्रिलमधल्या पुण्यात.

बक्कल लागेना.
बोटं माझीच होती, ऐकत दुसऱ्या कुणाचं होती.
एकदा निसटलं, दोनदा,
तिसऱ्यांदा मी दातांनी ओढायला वाकले.
पिंटो हसला नाही.
म्हणाला, "जानेवारीत एका धरणात उतरलो होतो.
पट्टा लागला नाही, तसाच गेलो, एकाच फिनवर."
मग?
"मग दुकान टाकलं."

त्यानं दुसरी जोडी पुढे सरकवली.
काळी, बोजड, दिसायला ट्रकच्या मडगार्डसारखी.
टाचेमागे पोलादी स्प्रिंग, तिला अंगठाभर कडी.
कडीत अंगठा घातला, ओढला, सोडला.
बसली.
एवढंच.

बसमध्ये पिशवीतून दोन्ही टोकं वर आलेली.
शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं.
"सुपं का हो? प्लास्टिकची?"
रबराची, म्हटलं.
"काय पाखडता?"
पाणी.
ती सहकारनगर येईपर्यंत बोलली नाही.

रात्री बूट, फिन, सगळं चढवून
फोन टेबलावर टेकवला. तिकडे अजून उजेड होता.
आई, मागे मागे चाल, मुलगी म्हणाली,
फिन घालून पुढे चाललं की माणूस तोंडावर पडतो.
फट्. फट्.
खालच्या मजल्यावरच्या अभ्यंकरांनी छताला काठी लावली.
मी तिच्याकडे पाहत पाहत मागे जात राहिले.
ती लहान होत गेली,
आणि पाठ फ्रीजला लागली तेव्हा कळलं
की स्वयंपाकघर संपलं.