आमच्याकडे ऑगस्ट

आमोण्याच्या धक्क्यावरून बार्ज सुटायची
तेव्हा बाबा तांडेल होते आणि मांडवी तांबडी.
डोंगर ट्रकातून नदीत यायचा,
नदीतून मुरगावला,
तिथून जपानी बोटीच्या पोटात.
बाबांना फक्त मधला तुकडा ठाऊक:
धक्का, खाजन, भरतीची वेळ, आग्वादचा दिवा.

सत्त्याहत्तर साली, काजूफेणीच्या एका बाटलीवर
बोटीवरल्या कुणा इंजिनिअरने कॅलेंडर दिलं.
बारा पानं, डोंगर एकच.
लाकडाच्या ठशांनी छापलेला, म्हणे, पूर्वी कधीतरी.
कुठे पिंपामागे, कुठे पुलाखालून,
कुठे मासळी सुकवणाऱ्या बाईच्या खांद्यावरून
नखाएवढा डोकावणारा.
ऑगस्टात मात्र पानभर, आणि लाल.

आई हात पुसत आली, बघितलं,
आणि जोडलेच हात. "ही तर रोयण गे. सातेरी."
तेव्हापासून आमच्याकडे ऑगस्टच राहिला.
चवथ ऑगस्टात, शिगमो ऑगस्टात,
एकतीस चौकटींत दुधाचा हिशेब:
पाव, अर्धा, नाही, नाही, पाहुणे.
उदबत्तीच्या धुराने शिखराचं पांढरं
आधी पिवळं झालं, मग चहासारखं.

घरामागचा डोंगर त्याच वर्षांत बसत गेला.
कुणी ओरडलं नाही. पगार वेळेवर होता.
एका सकाळी परसात सातलाच ऊन आलं,
पूर्वी नऊला यायचं.
आईने तिथे मिरच्या वाळत घातल्या.

साठी झाली तेव्हा मी गेले,
फोंड्याच्या टूरवाल्याबरोबर, एकवीस माणसं, लोणच्याचे डबे.
तळ्याकाठी दोन दिवस. डोंगर नव्हता.
म्हणजे होता, ढगामागे,
आणि सगळे त्या ढगाकडे फोन धरून.
गाईड मुलगी हारुका वाकून वाकून माफी मागत होती,
जणू तिच्याच घरचं माणूस
पाहुण्यांसमोर यायला तयार नव्हतं.
केंकरे म्हणाले, निदान निम्मे पैसे परत द्या.

दुपारी एका छापणाऱ्याकडे नेलं.
म्हाताऱ्याने चेरीच्या लाकडाची फळी हातात दिली.
बर्फाचा रंग कुठला, मी विचारलं.
हारुकाने त्याला विचारून सांगितलं: रंग नाही.
तिथलं लाकूड काढून टाकतात.
दिसतो तो कागद.
मी फळीवरून बोट फिरवलं.
शिखराच्या जागी खड्डा होता.

परतताना लोखंडी पुलावर बस थांबली.
कठड्यावर हात ठेवला, जरा वेळ.
गार होता. ओळखीचं काही लागलं नाही.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे, खाटेवर.
"पळयलो?"
"ना. ढग आशिल्ले."
हसले. "हांवें तरी खंय पळयलो आमचो?
तांडेलान नदर उदकार दवरची पडटा."

मी छापलेला कागद दाखवला.
शाई एका बाजूला जास्त, डोंगर कलंडलेला,
पांढरं हवं त्याहून मोठं.
त्यांनी अंगठा त्या पांढऱ्यावर फिरवला,
आमच्या दाराला लागलेला गंज तपासतात तसा.
"हांगां कितें आशिल्लें?"

"लाकूड," मी म्हटलं,
आणि परसातल्या मिरच्या आत घ्यायला गेले.